कंटेनर आला, कागद यायचाय

आंतरराष्ट्रीय व्यापारातला माल दोन वेगांनी प्रवास करतो. पाण्यावर जहाजाच्या वेगाने आणि किनाऱ्याला लागल्यावर कागदाच्या. शांघायहून निघालेला कंटेनर दोन-तीन आठवड्यांत न्हावा-शेव्याला लागतो, तेव्हा प्रवास संपला असे फक्त खलाशांना वाटते. तिथून भिवंडीचे गोदाम साठेक किलोमीटरवर. मधे समुद्र नाही, वादळ नाही, चाचे नाहीत. तरीही आयातदाराचा जीव टांगणीला लागतो तो याच टप्प्यात. समुद्रातले जहाज कुठे आहे हे मोबाइलवर दिसते. कागद कुठे आहे हे सीएचए, म्हणजे आयातदाराचा सीमाशुल्क दलाल, फोन उचलेल तेव्हाच कळते.

पूर्वी असे नव्हते. पूर्वी सगळेच सारखे हळू होते. गोणी, पिंपे, पेट्या एकेक करून जहाजात चढत आणि उतरत, आणि त्यात इतके दिवस जात की कागदाला उशीर झाला तरी कोणाच्या लक्षात येत नसे. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकमालकाने ‘आयडियल एक्स’ नावाच्या जहाजावर ५८ पत्र्याच्या पेट्या चढवून ते नेवार्कहून ह्यूस्टनला धाडले आणि घोटाळा केला. माल चढवण्याचा खर्च टनामागे जवळपास सहा डॉलरवरून सोळा सेंटांवर आला. यंत्रांनी करायचे काम त्याने उरकून टाकले. उरले ते माणसांनी करायचे, आणि त्यावर अजून पत्र्याची पेटी निघालेली नाही.

हे उरलेले काम केवढे आहे याचा हिशेब एका मोठ्या जहाज कंपनीने २०१४ मध्ये मांडून पाहिला. पूर्व आफ्रिकेतून युरोपला जाणाऱ्या एका शीतकंटेनरचा तिने माग काढला. वाटेत जवळपास ३० व्यक्ती आणि संस्थांचा हात लागला, आणि त्यांच्यात २०० हून अधिक वेळा निरोपांची देवाणघेवाण झाली. यातल्या प्रत्येकाने आपले काम चटकन केले तरी एकाने संपवल्यापासून दुसऱ्याने उघडेपर्यंतचा वेळ कोणाच्याच नावावर पडत नाही. सीमेवरचा विलंब बहुतांशी या बेवारस वेळेचा बनलेला असतो. म्हणूनच चौकशी केली की प्रत्येक जण शपथेवर सांगतो, ‘आमच्याकडे काही पेंडिंग नाही,’ आणि तो खरेच बोलत असतो.

न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. आज तिथून वर्षाला ७० लाखांहून अधिक टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या हिशेबाने मोजलेला माल, ये-जा करतो. आयातीची रीत कागदावर सरळ आहे. जहाज कंपनी आयजीएम भरते, म्हणजे जहाजात काय काय आहे याची यादी देते. आयातदाराच्या वतीने सीएचए बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचे घोषणापत्र, भरतो. कायद्याने २०१३ पासून त्याला ‘कस्टम्स ब्रोकर’ केले, पण उरणच्या चहाच्या टपरीपासून बेलार्ड इस्टेटपर्यंत तो सीएचएच राहिला. मग मूल्यांकन, हवी असल्यास तपासणी, शुल्काचा भरणा, ‘आउट ऑफ चार्ज’चा हुकूम, जहाज कंपनीची डिलिव्हरी ऑर्डर, ट्रेलर, गेट. एका दमात वाचता येते. एका दमात होत मात्र नाही.

पहिली अडचण मालाच्या जातकुळीची. जगातल्या प्रत्येक वस्तूला एक क्रमांक असावा, या हेतूने १ जानेवारी १९८८ पासून सुसंवादी वर्गीकरण प्रणाली, म्हणजे एचएस, लागू झाली. सहा आकडे सगळ्या जगाचे. भारताने पुढे आणखी दोन जोडून आठ केले. घोड्यापासून रणगाड्यापर्यंत आणि मिठापासून प्राचीन मूर्तींपर्यंत सगळे ९७ अध्यायांत बसवले आहे. त्यातला ७७ वा अध्याय पुढे कधी लागेल म्हणून रिकामा ठेवलेला आहे. आजवर कोणाचेही भांडण झालेले नाही असा तो एकमेव अध्याय.

बाकीच्यांत भांडण ठरलेले, कारण क्रमांक बदलला की शुल्काचा दर बदलतो. अमेरिकेत टॉय बिझ या खेळण्यांच्या कंपनीने न्यायालयात असे मांडले की ‘एक्स-मेन’च्या पुतळ्या माणसांच्या नाहीतच. माणसाची प्रतिकृती ठरली तर ती बाहुली आणि बाहुलीवर शुल्क जास्त. माणूस नसेल तर नुसते खेळणे आणि शुल्क कमी. २००३ मध्ये न्यायालयाने पंजे, नखे, अंगच्या अमानवी शक्ती या सगळ्यांचा गंभीरपणे विचार करून निकाल दिला की ही मंडळी माणसे नव्हेत. कॉमिक्समध्ये ज्या पात्रांनी ‘आम्हीही माणसेच’ हे पटवण्यात हयात घालवली, त्यांचा निकाल काही टक्के शुल्कावर लागला.

यावरचा उपाय साधा आहे आणि तो बहुतेकांना माहीत असून सुचत नाही. माल मागवण्याआधीच क्रमांक विचारून घ्यायचा. भारतात सीमाशुल्काचे अग्रिम निर्णय देणारी प्राधिकरणे २०२१ पासून मुंबईत आणि दिल्लीत काम करतात. पण आधी विचारले आणि नको तो क्रमांक मिळाला तर काय, या भीतीने कित्येक जण विचारतच नाहीत. माल बंदरात उतरल्यावर तोच क्रमांक मिळतो आणि वर रोजचे भाडे चालू राहते.

मूल्यांकनाची जबाबदारी २०११ पासून कायद्याने आयातदारावरच टाकली आहे: आपला क्रमांक आपण ठरवा, आपले शुल्क आपण मोजा. खात्याने फक्त पडताळायचे. पडताळणीत शंका आली की ‘क्वेरी’ निघते. पूर्वी फाइल कोणत्या टेबलावर अडली ते कळत असे आणि त्या टेबलापुढे जाऊन नमस्कार करता येत असे. ८ जून २०२० पासून बंगळुरू व चेन्नईत आणि ३१ ऑक्टोबर २०२० पर्यंत देशभर चेहराविरहित मूल्यांकन आले. आता न्हावा-शेव्यात उतरलेल्या मालाची कागदपत्रे दुसऱ्याच शहरातला अधिकारी पाहतो. ओळखीला, आग्रहाला आणि दिवाळीच्या मिठाईला जागाच उरली नाही. सुधारणा म्हणून ती मोठी आहे, यात वाद नको. मात्र समोरासमोर दोन वाक्यांत मिटणारी शंका आता लेखी येते, तिला लेखी उत्तर जाते, आणि उत्तर वाचून नवी लेखी शंका निघते. सीएचएच्या एका पिढीने साहेबांचा मूड ओळखण्यात प्रावीण्य मिळवले होते. ते कौशल्य एका रात्रीत निकामी झाले, आणि त्याच्या जागी नेटक्या इंग्रजीत दोन परिच्छेद लिहिण्याची गरज उभी राहिली.

मग तपासणी. सगळेच कंटेनर उघडले तर बंदर बंद पडेल आणि एकही उघडला नाही तर देशाचे काय होईल, याचे उत्तर सप्टेंबर २०२१ मध्ये मुंद्रा बंदरात मिळाले. अफगाणिस्तानातून टाल्कचे दगड म्हणून आलेल्या दोन कंटेनरमध्ये सुमारे तीन हजार किलो हेरॉइन निघाले. सीमेवरचा नाका निव्वळ छळासाठी नसतो, ही गोष्ट आयातदारांच्या सभेत सहसा कोणी बोलत नाही. त्याला धोरणही असते, आणि ते मराठी मुलखाला जुने आहे. बारदेशातून येणारे पोर्तुगीज हद्दीतले स्वस्त मीठ स्वराज्यातल्या मिठागरांना बुडवू लागले, तेव्हा शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळच्या अंमलदाराला पत्र धाडून त्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितले होते. व्यापार सुकर करणे म्हणजे नाका उठवणे नव्हे. कोणाला थांबवायचे हे नाक्याला चटकन कळले पाहिजे, एवढाच मुद्दा आहे.

ते कळावे म्हणून २००५ पासून जोखीम व्यवस्थापन प्रणाली आहे. ती आयातदाराचा इतिहास, मालाचा प्रकार, कुठून आला वगैरे पाहून कोणाला सोडायचे आणि कोणाला उघडायचे ते ठरवते. ज्याची पत चांगली त्याला ‘एईओ’ हा मान्यताप्राप्त दर्जा. त्याच्या मालाला कमी तपासणी, शुल्क नंतर भरायची सवलत, आणि डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरी, म्हणजे माल बंदरातूनच थेट गोदामाला. हा दर्जा नसलेल्याचा कंटेनर बहुधा आधी सीएफएसला, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर स्थानकाला, जातो. तिथे तो ठेवायचे पैसे, उचलायचे पैसे, खाली मांडायचे पैसे, सील तोडायचे पैसे, मजुरांचे पैसे आणि पुन्हा भरायचे पैसे. तपासणीत काही सापडले नाही, याचेही पैसे आयातदारच देतो.

माल खाण्याचा, पेरण्याचा, औषधाचा किंवा जिवंत असेल तर आणखी खाती येतात. अन्नसुरक्षावाले नमुना घेतात, वनस्पती संगरोधवाले कीड शोधतात, औषध नियंत्रक परवाना मागतात. हे सगळे एका ठिकाणी व्हावे म्हणून १ एप्रिल २०१६ पासून ‘स्विफ्ट’ ही एक खिडकी उघडली. आयातदार आता एकाच खिडकीशी उभा राहतो. आतली टेबले मात्र जेवढी होती तेवढीच आहेत आणि प्रयोगशाळेतली बशी तिच्याच गतीने बुरशी वाढवते. कागदही २०१८ पासून ‘ई-संचित’वर चढवायचे असतात, तरी जुन्या सीएचएच्या बॅगेत त्या कागदांचा एक छापील संच असतोच. मागितला कोणी नाही, पण मागितला तर?

आता विलंबाचा एक कर्ता असा आहे की त्याचे नाव कोणत्याही तक्रारअर्जात येत नाही, कारण अर्ज तोच लिहितो. तो म्हणजे आयातदार. जहाज येण्याआधी बिल ऑफ एन्ट्री भरता येते, नव्हे, भरायचीच असते. न्हावा-शेव्याच्या सीमाशुल्क विभागाने माल सुटायच्या वेळेची मोजणी केली, तेव्हाही हेच दिसले की आधी कागद भरलेला माल लवकर सुटतो. तरीही अनेक जण वरात दारात आल्यावर मांडवाची परवानगी काढायला निघतात. कोणाचे मूळ दस्तऐवज बँकेत अडकलेले असतात, कोणाकडे शुल्काचे पैसे महिनाअखेरीस येणार असतात. आणि काहींना तर माल सुटायलाच नको असतो. गोदाम भरलेले आहे, गिऱ्हाईक अजून ठरलेले नाही, मोफत दिवस शिल्लक आहेत, तर राहू दे बंदरात. असा आयातदार चेंबरच्या परिसंवादात सरकारी दिरंगाईवर सर्वांत जोरात बोलतो.

मोफत दिवस संपले की दोन मीटर एकदम सुरू होतात. बंदरातल्या जागेचे भाडे म्हणजे डेमरेज आणि जहाज कंपनीच्या पेटीचे भाडे म्हणजे डिटेन्शन. नवखा व्यापारी दोन्ही एकच समजतो आणि पहिले बिल भरून सुटकेचा श्वास टाकतो. दुसरे बिल त्यानंतर येते. जहाज कंपन्यांच्या बिलांतली कल्पकता स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. कागद तयार करण्याचा आकार, सीलचा आकार, पेटी धुण्याचा आकार. बंदरात खोळंबा झाला तर त्याचाही अधिभार असतो, म्हणजे थांबावे ज्याला लागले त्यानेच थांबल्याचे पैसे द्यायचे. स्वस्त माल असेल तर हळूहळू पेटीचे भाडे मालाच्या किमतीपुढे जाते आणि आयातदार माल सोडून देतो. तीस दिवसांत न सोडवलेला माल विकायची मुभा सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या ४८ व्या कलमात आहे. त्या लिलावालाही वेळ लागतो, हे ओघानेच आले.

निर्यातीत गंमत उलट दिशेने चालते. इथे सरकारला माल बाहेर जायला हवाच असतो, म्हणून सीमाशुल्काचा ‘लेट एक्स्पोर्ट’ हुकूम लवकर मिळतो आणि खात्याच्या लेखी घड्याळ तिथे थांबते. त्यानंतर कंटेनर बंदराच्या रस्त्यावर ट्रेलरच्या रांगेत उभा असतो, तो काळ वेगळ्या खात्यात. जहाजाची गेट बंद व्हायची वेळ, म्हणजे कट-ऑफ, हुकली की पुढचे जहाज. आणि आत नाशिकची द्राक्षे असतील तर शीतकंटेनरचा प्लग कोण लावणार यावर फोन सुरू.

कांद्याचे तर विचारू नये. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले, तेही तत्काळ. बंदराच्या वाटेवर असलेला कांदा वाटेतच महाग झाला. डिसेंबरात निर्यातच बंद. निर्यात पुन्हा खुली झाल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आणले, किमान निर्यातमूल्याची अट काढली, वर्तमानपत्रांनी मथळे दिले, आणि कांद्याचे कंटेनर पुन्हा अडकले. निर्णय झाल्याचे सगळ्या देशाला कळले होते, फक्त सीमाशुल्काच्या संगणकाला कळायचे राहिले होते. तो जुनाच दर मागत होता. शुल्क वाढते तेव्हा मात्र या संगणकाबद्दल अशी तक्रार ऐकू येत नाही.

आंब्याची कथा याहून करुण. अमेरिकेत आंबा पाठवायचा तर त्याचे विकिरण करावे लागते, तेही अमेरिकी कृषी खात्याच्या निरीक्षकाच्या देखरेखीखाली. मग पीपीक्यू-२०३ नावाचा फॉर्म मिळतो आणि आंबा विमानात बसतो. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण झालेल्या आंब्याच्या १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा इथल्या विमानतळांवर नाकारल्या गेल्या. कारण, फॉर्ममध्ये दोष. निर्यातदारांचे म्हणणे असे की विकिरण रीतसर झाले होते आणि फॉर्म त्यांनी लिहिलेलाच नव्हता. पर्याय दोन होते: आंबे परत न्या किंवा इथेच नष्ट करा. परत आणायचे भाडे आंब्यापेक्षा महाग, म्हणून नष्ट केले. नुकसान सुमारे ५ लाख डॉलरचे. आंब्यात अळी नव्हती, डाग नव्हता, साका नव्हता. कीड कागदाला लागली होती.

जमिनीवरच्या सीमा पाहिल्या की बंदरे बरी वाटू लागतात. पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोलहून बांगलादेशातल्या बेनापोलला माल जायला १३८ तास लागतात, असे जागतिक बँकेने २०२१ मध्ये नोंदवले. त्यातले २८ तास एका देशाच्या ट्रकमधून दुसऱ्या देशाच्या ट्रकमध्ये माल हलवण्यात जातात. तेवढ्याच वर्दळीच्या पूर्व आफ्रिकेतल्या सीमा सहा तासांच्या आत ओलांडता येतात. झांबिया आणि झिंबाब्वे यांनी चिरुंडू इथे डिसेंबर २००९ मध्ये एकथांबा नाका सुरू केला. गाडीने एकदाच थांबायचे, आणि दोन्ही देशांचे अधिकारी तिथेच बसलेले. यासाठी मोठे यंत्र लागले नाही. दोन देशांच्या साहेबांनी एका छताखाली खुर्च्या टाकायला तयार व्हावे लागले, आणि या प्रकल्पातला अवघड भाग तोच होता.

सिंगापूरने १ जानेवारी १९८९ रोजीच ‘ट्रेडनेट’ सुरू करून वीसेक फॉर्मांचा एक फॉर्म आणि कित्येक दिवसांची काही मिनिटे केली. न्हावा-शेव्याच्या धक्क्यावर त्या वेळी पहिले जहाजही लागायचे होते. यावर ‘सिंगापूर एवढेसे आहे’ हे उत्तर भारतात तयार असते. ते खरेही आहे. पण तंत्रज्ञान आणले की सुटले, हाही भ्रम. ‘ट्रेडलेन्स’ हे बलाढ्य जहाज कंपनी मर्स्क आणि आयबीएम यांचे ब्लॉकचेनवरचे व्यासपीठ २०१८ मध्ये गाजत आले आणि २०२२ च्या नोव्हेंबरात ते गुंडाळत असल्याची घोषणा झाली. सगळ्यांनी माहिती एका ठिकाणी ठेवावी अशी कल्पना होती. सगळ्यांना दुसऱ्यांची माहिती हवी होती.

जागतिक व्यापार संघटनेने हा प्रश्न १९९६ च्या सिंगापूर परिषदेत पटलावर घेतला. वाटाघाटी २००४ मध्ये सुरू झाल्या, करार २०१३ मध्ये बालीत ठरला, २०१४ च्या जुलैत भारताने अन्नधान्य साठ्याच्या प्रश्नावरून तो अडवला, एप्रिल २०१६ मध्ये भारतानेच मान्य केला, आणि २२ फेब्रुवारी २०१७ रोजी तो लागू झाला. विलंब कमी करण्याच्या कराराला विषय निघाल्यापासून वीस वर्षांहून अधिक काळ लागला. तो पूर्ण अमलात आला तर व्यापाराचा खर्च सरासरी १४.३ टक्क्यांनी उतरेल, असा संघटनेच्या अर्थतज्ज्ञांचा अंदाज आहे. भारताने त्यापुढे जाऊन २०२० ते २०२३ च्या आराखड्यात समुद्रमार्गे आलेला माल ४८ तासांत आणि विमानाने आलेला २४ तासांत सोडण्याचे लक्ष्य ठेवले.

खर्च खरोखर किती उतरला हे सांगताना मात्र सावध राहावे. भारतात मालवाहतुकीचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १३ ते १४ टक्के, हा आकडा वर्षानुवर्षे प्रत्येक भाषणात असे. १७ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण आले, तेही हा आकडा खाली आणण्यासाठी. मग एनसीएईआर या संस्थेने नीट मोजले, तेव्हा २०२१-२२ चा खर्च ७.८ ते ८.९ टक्के निघाला. म्हणजे धोरण येण्याआधीच तो उतरलेला होता. एकही ट्रेलर न हलवता झालेली ही देशातली सर्वांत मोठी बचत. २०२३-२४ चा आकडा ७.९७ टक्के आहे.

आयातदाराला स्वतःच्या हाताने करता येण्याजोगी बचत यापेक्षा लहान आहे, पण खात्रीची आहे. बिल ऑफ एन्ट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरावी, असा नियम २०२१ पासून आहे, आणि काही ठिकाणांहून येणाऱ्या मालाला त्यात थोडी सूट आहे. उशीर झाल्यास पहिले तीन दिवस रोजचे ५,००० रुपये आणि त्यापुढे रोजचे १०,००० रुपये आकारले जातात. हा हिशेब संगणक करतो, आणि तो कधीही अडकल्याचे ऐकिवात नाही.